मूत्रपिंडाच्या गाठीला नेमकं नाव देताना: ग्रॉसिंगच्या टेबलापासून फिशपर्यंत

प्रौढ रुग्णाच्या मूत्रपिंडातली गाठ लॅबमध्ये आली की चर्चा लगेच अँटिबॉडींवर, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते रंगवून दाखवणाऱ्या स्टेनवर येते: सीके७ लावायचं की सीडी११७, पॅक्स-८ आहे का संपलंय. खरं तर निदानाचा पाया त्याआधीच पडलेला असतो, किंवा ढासळलेला असतो. फॉर्मेलिन आत पोचलंच नाही, मूत्रपिंडाच्या सायनसमधली (मधल्या पोकळीतली) चरबी नीट पाहिली नाही, गाठीतला पांढरट भाग ब्लॉकमध्ये (मेणात बसवलेल्या तुकड्यात) आलाच नाही, तर पुढे कितीही महाग स्टेन लावले तरी गेलेली माहिती परत मिळत नाही. म्हणून या लेखात ग्रॉसिंगला, म्हणजे स्पेसिमेन पाहून, कापून तुकडे निवडण्याला, सुरी आणि कॅसेटला (तुकडा ठेवायच्या डबीला) जास्त जागा दिली आहे.

फॉर्मेलिन आधी

१० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिन एक लिटर करायचं तर बाजारातलं ३७ ते ४० टक्के फॉर्मेलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नुसतं नळाच्या पाण्यात पातळ केलेलं फॉर्मेलिन हळूहळू आम्लधर्मी होतं. मूत्रपिंडाच्या गाठी रक्ताने भरलेल्या असतात, त्यामुळे अशा द्रावणात सगळ्या सेक्शनवर तपकिरी-काळे कण बसतात. ते हिमोसिडेरिनसारखे दिसतात आणि लोहाच्या स्टेनचं वाचन अवघड करतात.

द्रावणाचं प्रमाण स्पेसिमेनच्या दहापट हवं. फॉर्मेलिन ऊतीत सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर शिरतं, पुढे त्याहून हळू. चरबीच्या वेष्टनासकट आलेलं अख्खं मूत्रपिंड बरणीत तसंच ठेवलं, तर दुसऱ्या दिवशी बाहेरून कडक आणि आतून मऊ, सडू लागलेलं सापडतं. अशा भागातल्या पेशींची केंद्रकं फिकट, फुगलेली दिसतात. मग ग्रेड ठरवता येत नाही आणि टीएफई३ सारखे नाजूक स्टेन काहीही दाखवतात. शस्त्रक्रियागृहातून स्पेसिमेन ताजं येत असेल तर आल्याबरोबर उघडा, दोन भागांमध्ये फॉर्मेलिनमध्ये भिजवलेलं कापड ठेवा आणि रात्रभर मुरू द्या. शनिवारी दुपारी आलेलं स्पेसिमेन सोमवारपर्यंत न कापता राहणार नाही याची व्यवस्था विभागाने लेखी करून ठेवावी.

कापण्याआधी

बाजू ओळखा. हायलममध्ये, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतात त्या खाचेत, पुढून मागे आधी शीर, मग धमनी आणि सर्वांत मागे मूत्रवाहिनीचा नरसाळ्यासारखा भाग असतो. मूत्रवाहिनी खाली जाते. एवढ्यावरून डावं-उजवं कळतं आणि रिक्विझिशनवरच्या नोंदीशी ताडून पाहता येतं. वजन, तिन्ही मापं, अॅड्रिनल ग्रंथी सोबत आहे का, हे लिहून घ्या.

मूत्रवाहिनी, शीर आणि धमनी यांच्या कापलेल्या कडांचे पातळ चकतीसारखे तुकडे आधीच घ्या. सुरी गाठीतून गेल्यावर घेतलेल्या कडेवर गाठीच्या पेशी वाहून आलेल्या असू शकतात. शिरेच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. शीर कापल्यावर आकसते आणि आतला गाठीचा गोळा तोंडातून बाहेर डोकावतो. तो दिसला म्हणजे कड बाधित, असं नाही. कडेवर गाठ शिरेच्या भिंतीला चिकटलेली सूक्ष्मदर्शकाखाली दिसली तरच तसं लिहा.

अख्खं मूत्रपिंड काढलेलं असेल तर गाठीवरच्या चरबीच्या पृष्ठभागाला शाई लावा. अर्धवट काढलेलं असेल तर मूत्रपिंडाच्या कापलेल्या पृष्ठभागाला शाई लावणं अत्यावश्यक; तिथून गाठीचं अंतर मोजायचं असतं. शाई लावण्याआधी पृष्ठभाग टिपून कोरडा करा आणि नंतर अॅसेटिक आम्लाचा हलका फवारा द्या, म्हणजे ती पसरत नाही.

गाठीवरची चरबी सोलू नका. सोलली की गाठ चरबीत घुसली आहे का हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो.

सुरी कुठून घालायची

लांब पात्याची धारदार सुरी घ्या. बाहेरच्या फुगीर कडेकडून हायलमकडे, लांबीच्या अक्षात एकाच ओढीत कापा. मूत्रवाहिनीतून वर सरकवलेली सळई दिशा दाखवायला उपयोगी पडते. हायलमपाशी दोन्ही भाग जोडलेले राहू द्या. आता फोटो काढा, पट्टी ठेवून. गाठीचा सर्वांत मोठा व्यास मोजा, कारण पीटी स्टेज (गाठ किती पसरली याची पायरी) त्यावर उभी आहे: ४ सेंमीपर्यंत पीटी१ए, त्यापुढे ७ पर्यंत पीटी१बी, १० पर्यंत पीटी२ए, त्याहून मोठी पीटी२बी. हे अर्थात गाठ मूत्रपिंडातच असेल तर. शीर किंवा तिच्या फांद्या, कॅलिसेस-पेल्व्हिस (मूत्र गोळा होणारे पेले आणि नरसाळं), भोवतालची चरबी किंवा सायनसची चरबी यांत गेली तर आकार काहीही असो, पीटी३ए.

रंग गाठीच्या प्रकाराबद्दल बरंच सांगतो. सोनेरी पिवळा, मध्ये रक्तस्राव असलेला भाग बहुधा क्लिअर सेल. तपकिरी, ठिसूळ, बोटाला चुरा लागणारा आणि भोवती जाड वेष्टन असलेला पॅपिलरी. फिकट तपकिरी, एकसारखा क्रोमोफोब. महोगनी लाकडासारखा गडद तपकिरी, मध्ये तारेसारखा व्रण असलेला ऑन्कोसायटोमा. मात्र हा व्रण सगळ्या ऑन्कोसायटोमात नसतो आणि संथ वाढणाऱ्या इतर गाठींतही दिसतो. पांढरट, मांसल, घट्ट भाग दिसला की थांबा. तो सार्कोमॅटॉइड (लांबट पेशींचा, आक्रमक) असू शकतो, आणि तो असला तर ग्रेड सरळ ४.

सायनस: सगळ्यांत जास्त चुकणारी जागा

मूत्रपिंडाच्या बाहेरच्या बाजूला कॅप्सूल असते. सायनसच्या बाजूला, कॅलिसेसच्या भोवती, मूत्रपिंडाची ऊती आणि चरबी यांच्यामध्ये असं भक्कम वेष्टन नाही. शिवाय तिथे शिरांचं जाळं दाट. त्यामुळे क्लिअर सेल कार्सिनोमा बाहेर पडतो तो बहुधा याच वाटेने. ७ सेंमीहून मोठ्या क्लिअर सेल गाठीत सायनस बाधित नाही असं वाटलं, तर पुन्हा शोधा. नीट पाहिलं की बहुतेक वेळा सापडतो.

सायनसचा भाग ३ ते ५ मिमीच्या चकत्यांमध्ये कापा. गाठ आणि सायनसची चरबी जिथे भिडतात तिथले किमान तीन ब्लॉक घ्या. गुळगुळीत फुगवटा चरबीला नुसता ढकलत असेल तर तो शिरकाव नाही. पण मुख्य गाठीपासून सुटी, गोल, गुळगुळीत गोटी सायनसमध्ये दिसली तर ती बहुधा शिरेत वाढलेली गाठ असते. भिंत दिसण्यासाठी तो ब्लॉक आडव्या छेदाने घ्या. शिरेची भिंत कळत नसेल तर डेस्मिन किंवा लवचीक तंतूंचा स्टेन मदत करतो.

किती ब्लॉक

गाठीच्या दर सेंटिमीटरमागे एक आणि कमीत कमी तीन, हा इंटरनॅशनल सोसायटी ऑफ युरॉलॉजिकल पॅथॉलॉजीचा सल्ला. पण आकडा पूर्ण केला म्हणजे काम झालं असं नाही. प्रत्येक वेगळ्या रंगाचा, वेगळ्या घट्टपणाचा भाग त्यात यायला हवा. शिवाय गाठ आणि चरबीची सीमा, गाठ आणि साध्या मूत्रपिंडाची सीमा. सडलेल्या भागाचा तुकडा घ्यायचा तर त्याच्या जिवंत कडेसकट. पूर्ण कोशमय, अनेक कप्प्यांची गाठ असेल तर ती सगळीच ब्लॉकमध्ये टाका: मल्टिलॉक्युलर सिस्टिक निओप्लाझम ऑफ लो मॅलिग्नंट पोटेन्शियल असं म्हणायचं तर पडद्यांत पेशींची फुगीर गाठ कुठेच नाही हे सिद्ध करावं लागतं.

आणखी एक ब्लॉक गाठीपासून जमेल तितक्या दूरच्या साध्या मूत्रपिंडाचा. त्यावर पीएएस आणि जोन्स सिल्व्हर लावा. रुग्णाला पुढची वर्षं उरलेल्या मूत्रपिंडावर काढायची आहेत. मधुमेहाचं किंवा रक्तदाबाचं नुकसान इथे दिसलं तर ते त्याच्या डॉक्टरांना कळणं गाठीच्या नावाइतकंच मोलाचं.

कॅसेटमधला तुकडा ३ मिमीहून जाड नको. फिक्सेशन ६ ते ७२ तास. त्याहून कमी झालं तर प्रथिनं पक्की होत नाहीत, फार जास्त झालं तर अँटिजेन झाकले जातात आणि डीएनए-आरएनए तुटतात.

सुईची बायोप्सी

१८ गेजची कोअर, निदान दोन, आणि गाठीच्या परिघाकडून. मध्यभागी बऱ्याचदा सडका भाग किंवा व्रणच मिळतो. दोन कोअर दोन वेगळ्या कॅसेटमध्ये ठेवा. एक ब्लॉक वाया गेला तरी दुसरा हातात राहतो. स्पंजमध्ये दाबू नका, ऊतीत त्रिकोणी भोकं पडतात. लेन्स पेपरमध्ये गुंडाळा.

मायक्रोटोमवर ब्लॉक एकदाच लावायचा, हा नियम टेक्निशियनला आधी सांगून ठेवा. पहिला सेक्शन एच अँड ई (नेहमीचा निळा-गुलाबी स्टेन), मग १० ते १२ कोऱ्या चार्ज्ड (सेक्शन घट्ट धरणाऱ्या) स्लाइड, शेवटी पुन्हा एच अँड ई. ब्लॉक काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला की पृष्ठभाग सपाट करतानाच अर्धी कोअर छिलली जाते. शेवटचा एच अँड ई यासाठी, की कोऱ्या स्लाइडवर गाठ अजून शिल्लक होती हे कळावं.

आधी डोळे, मग पॅनेल

एच अँड ईवर गाठ कोणत्या घरात बसते ते ठरवा: पारदर्शक पेशींची, पॅपिलांची, गुलाबी दाणेदार पेशींची, की वेडीवाकडी पसरणारी. प्रत्येक घराचं पॅनेल, म्हणजे अँटिबॉडींचा संच, वेगळं. सगळ्या केसला एकच मोठा पॅनेल लावणं हा खर्चही आहे आणि गोंधळही.

ग्रेड केंद्रिकेवरून, म्हणजे केंद्रकातल्या ठिपक्यावरून. ४०० पट मोठं करून पाहिल्यावरही केंद्रिका दिसत नाही किंवा पुसट दिसते, तर १. ४०० पटीत स्पष्ट पण १०० पटीत ठळक नाही, तर २. १०० पटीतच ठळक, तर ३. राक्षसी पेशी, टोकाची विषमता, सार्कोमॅटॉइड किंवा ऱ्हॅब्डॉइड भाग, तर ४. ही पद्धत क्लिअर सेल आणि पॅपिलरीसाठी आहे. क्रोमोफोबला ग्रेड देऊ नका. त्याची केंद्रकं मुळातच सुरकुतलेली असतात आणि उगाच वरचा ग्रेड पडतो.

इम्युनो लावताना

इम्युनो म्हणजे अँटिबॉडीचे स्टेन. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉन, चार्ज्ड स्लाइडवर, ६० अंशांवर तासभर वाळवलेले. झाकलेले अँटिजेन उघडायला बहुतेक अँटिबॉडींना पीएच ९ च्या ट्रिस-ईडीटीएमध्ये ९५ ते ९८ अंशांवर २० मिनिटं, मग त्याच द्रावणात २० मिनिटं थंड होऊ द्यायचं. गरम स्लाइड एकदम गार पाण्यात घातली की सेक्शन सुटतो. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटं. प्रायमरी अँटिबॉडीचं प्रमाण आणि वेळ आपल्या लॅबने तपासून ठरवलेलं हवं. डीएबी (तपकिरी रंग देणारं रसायन) ताजं मिसळा. शेवटचं हिमॅटॉक्सिलिन हलकंच ठेवा, नाहीतर पॅक्स-८, टीएफई३, आयएनआय-१ हे केंद्रकातले स्टेन निळ्याखाली दबतात.

मूत्रपिंडाच्या नलिका आणि ऑन्कोसायटिक पेशी यांत नैसर्गिक बायोटिन भरपूर असतं. जुन्या अॅव्हिडिन-बायोटिन किटवर या पेशी कोणत्याही अँटिबॉडीला तपकिरी होतात. पॉलिमर किट (बायोटिन न वापरणारं) वापरा. ते नसेल तर निगेटिव्ह कंट्रोल रोज, त्याच ब्लॉकचा.

पारदर्शक पेशी

सीए-९ ने पेशीच्या चारही बाजू, खोक्यासारख्या, रंगल्या आणि सीके७ नाही किंवा तुरळक, तर क्लिअर सेल कार्सिनोमा. सीए-९ पेल्यासारखं, म्हणजे पोकळीकडची बाजू सोडून, आणि सीके७ सर्वत्र, एएमएसीआर नाही, केंद्रकं तळापासून उचलून एका रांगेत, तर क्लिअर सेल पॅपिलरी. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याच्या नावातून ‘कार्सिनोमा’ काढून ‘ट्यूमर’ केलं आहे, कारण ही गाठ फार सौम्य वागते. रुग्णाच्या दृष्टीने हा शब्दाचा फरक मोठा आहे, तेव्हा हे निदान अर्धवट पुराव्यावर देऊ नये.

सीए-९ ची एक खोड ध्यानात ठेवा. ऑक्सिजन कमी पडला की ते चालू होतं. सडलेल्या भागाच्या कडेला कोणतीही गाठ पॉझिटिव्ह दिसते, म्हणून तिथून दूरचा भाग वाचा. पॉझिटिव्ह कंट्रोलला जठराचं आवरण चालतं. साधं मूत्रपिंड चालत नाही, ते निगेटिव्हच असतं.

गुलाबी, दाणेदार पेशी

वेळ इथेच सर्वांत जास्त जातो आणि जायलाही हवा, कारण एका बाजूला निरुपद्रवी ऑन्कोसायटोमा आणि दुसऱ्या बाजूला कर्करोग.

सुरुवात सीके७, सीडी११७ आणि व्हिमेंटिनने करा. सीडी११७ पॉझिटिव्ह, सीके७ फक्त विखुरलेल्या एकट्या पेशींत, व्हिमेंटिन निगेटिव्ह, केंद्रकं गोल: ऑन्कोसायटोमा. व्रणाच्या कडेच्या पेशींत सीके७ आणि व्हिमेंटिन दोन्ही वाढतात, म्हणून तो भाग मोजू नका. सीडी११७ पॉझिटिव्ह, सीके७ सर्वत्र, मनुक्यासारखी सुरकुतलेली केंद्रकं, भोवती प्रभावळ, वनस्पतीच्या पेशीसारख्या ठळक कडा: क्रोमोफोब. सीके७ सर्वत्र पण सीडी११७ निगेटिव्ह: लो-ग्रेड ऑन्कोसायटिक ट्यूमरचा विचार करा. सीडी११७ वाचताना मास्ट पेशी रंगल्या आहेत का ते पाहा. त्याच तुमचा आतला कंट्रोल. फक्त त्याच रंगल्या आणि गाठीच्या पेशींत फिकट पोकळ्या असतील, तर एसडीएचबी लावा.

हेलचा कोलॉइडल आयर्न हा स्टेन अजून उपयोगी आहे, पण लहरी. क्रोमोफोबमध्ये पेशीद्रव सगळीकडे जाळीदार निळं होतं, ऑन्कोसायटोमात नाही किंवा फक्त पोकळीकडच्या कडेला. द्रावणाचा पीएच २ च्या खाली नसेल तर सगळीच स्लाइड निळी होते. जोडीला कोलॉइडल आयर्न न घालता नुसता पर्ल्स (लोहाचा स्टेन) केलेला सेक्शन ठेवा, म्हणजे जुन्या रक्तस्रावाचं लोह वेगळं ओळखता येतं. माहीत असलेल्या क्रोमोफोबचा कंट्रोल प्रत्येक वेळी हवा.

सुईच्या बायोप्सीवर ‘ऑन्कोसायटोमा’ असं ठाम लिहू नका. ‘ऑन्कोसायटिक निओप्लाझम, ऑन्कोसायटोमाकडे झुकणारा’ हे प्रामाणिक आहे. गाठीचा बाकीचा भाग कोणी पाहिलेला नाही.

ज्यात स्टेन नसणं हेच निदान

एफएच, एसडीएचबी आणि आयएनआय-१ ही साध्या पेशींत असणारी प्रथिनं; या तिघांत गाठ रंगली नाही ही बातमी असते. म्हणून शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या, लिम्फोसाइटच्या किंवा साध्या नलिकांच्या पेशी रंगल्या आहेत हे आधी पाहायचं. त्याही कोऱ्या असतील तर स्टेन फसला आहे, निदान झालेलं नाही.

मोठी, लालभडक केंद्रिका आणि भोवती पांढरी प्रभावळ, पॅपिलरी रचना, आक्रमक वाढ: एफएच लावा. काही म्युटेशनमध्ये बिघडलेलं प्रथिन शिल्लक राहतं आणि एफएच पॉझिटिव्हच दिसतं. तेव्हा २-एससी (एफएच बंद पडल्याची खूण ओळखणारा स्टेन) पॉझिटिव्ह असणं पकडून देतं. एफएच बिघडल्याचा हा आजार बऱ्याचदा आनुवंशिक असतो. रुग्णाला किंवा घरातल्या बायकांना तरुणपणी गर्भाशयात फायब्रॉइड झाले होते का, त्वचेवर दुखऱ्या गाठी आहेत का, हे विचारायला डॉक्टरांना कळवा. मूत्रपिंडाचा कर्करोग ४६ व्या वर्षी किंवा त्याआधी झाला असेल तर जनुकीय समुपदेशनाचा सल्ला एरवीही द्यावा.

आयएनआय-१ चा मुद्दा आपल्याकडे विशेष जवळचा. विदर्भात आणि नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत सिकलसेल वाहक मोठ्या संख्येने आहेत. मूत्रपिंडाचा मेड्युलरी कार्सिनोमा दुर्मीळ आहे, पण होतो तो प्रामुख्याने वाहकांनाच, तरुणपणी आणि बहुधा उजवीकडे. तरुण रुग्ण, मध्यभागी पसरणारी गाठ, भोवती न्यूट्रोफिल आणि तंतुमय ऊती, रक्तवाहिन्यांत विळ्यासारख्या लाल पेशी दिसल्या तर आयएनआय-१ लगेच लावा आणि रक्ताचा नमुना मागवा. सोल्युबिलिटी टेस्ट वाहक आणि रोगी वेगळे करत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचण्या. नुकतंच रक्त चढवलं असेल तर निकाल फसवा येतो, म्हणून ती तारीख विचारून घ्या. घाई यासाठी, की इथे प्लॅटिनमवर आधारित केमोथेरपी द्यावी लागते, क्लिअर सेलची नेहमीची औषधं चालत नाहीत. अशाच दिसणाऱ्या युरोथेलियल (मूत्रमार्गाच्या आवरणातून निघणाऱ्या) कार्सिनोमासाठी जीएटीए३ आणि पी६३ सोबत लावा, आणि पेल्व्हिसच्या आवरणाचा ब्लॉक पुन्हा पाहा. कलेक्टिंग डक्ट कार्सिनोमा हे नाव बाकी सगळं वगळल्यावरच.

फिश

फिश म्हणजे चमकणाऱ्या ठिपक्यांनी जनुक दाखवणारी चाचणी. टीएफई३ आणि टीएफईबी ही जनुकं बिघडून होणाऱ्या गाठींचा संशय तरुण रुग्ण, पारदर्शक आणि गुलाबी पेशींचं मिश्रण, वाळूसारखे कॅल्शियमचे कण, केराटिन कमी आणि मेलन-ए किंवा कॅथेप्सिन-के पॉझिटिव्ह यांवरून येतो. टीएफई३ चा इम्युनो फिक्सेशनला फार संवेदनशील आहे. खात्री ब्रेक-अपार्ट फिशने: जनुक तुटलं की त्याच्या दोन बाजूंचे ठिपके सुटे दिसतात.

सेक्शन ४ मायक्रॉनचा. एकमेकांवर न चढलेली किमान १०० केंद्रकं मोजा. लाल आणि हिरवा ठिपका यांत दोन ठिपक्यांच्या व्यासाहून जास्त अंतर असेल तर तुटलेला धरा. टीएफई३ एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे पुरुषात तुटलेली जोडीच दिसेल आणि पिवळा, जुळलेला ठिपका नसेल. स्त्रीत एक जुळलेला आणि एक तुटलेला. किती टक्के पेशींत दिसलं म्हणजे पॉझिटिव्ह, हे प्रत्येक लॅबने साध्या मूत्रपिंडावर मोजून ठरवावं. आरबीएम१०-टीएफई३ मध्ये जोडीदार जनुक त्याच गुणसूत्रावर जवळच असल्याने ठिपके जेमतेम सुटतात आणि फिश निगेटिव्ह येऊ शकतं. इम्युनो ठळक, चेहरा जुळणारा आणि फिश निगेटिव्ह, अशा वेळी आरएनए सिक्वेन्सिंगला पाठवा.

बाहेर पाठवायचा ब्लॉक निवडताना सर्वांत मोठा तुकडा नको, सर्वांत जिवंत तुकडा हवा: सडका भाग नसलेला, गाठीच्या पेशी दाट, लिम्फोसाइट कमी. एच अँड ईवर पेनने गाठीभोवती गोल करा आणि ती स्लाइडही सोबत द्या. हाडातल्या मेटास्टेसिसचा तुकडा असेल तर तो आम्लात डिकॅल्सिफाय केलेला आहे की ईडीटीएमध्ये, हे फॉर्मवर लिहा. आम्लातल्या ब्लॉकवर फिशचे ठिपके उमटतच नाहीत आणि आठवडे वाया जातात. म्हणून हाडाचे दोन तुकडे आले की एक सुरुवातीपासूनच ईडीटीएमध्ये ठेवावा.